मराठी मुक्त लेखकाची उमेद आणि अडथळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक, अनुवाद, मालिकांचे संवाद, संस्थांचे अहवाल आणि कंपन्यांचा जाहिरात-मजकूर अशा निरनिराळ्या कामांची सांगड घालून चरितार्थ चालवणारे मराठी लेखक आणि लेखिका आज केवळ पुण्या-मुंबईत नाहीत, तर लातूर, जळगाव, सावंतवाडीतही आहेत. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. या उत्तरांमागे एक ठाम मत आहे, ते आधीच सांगतो. लेखकाची उमेद नकारामुळे खचते असे आपण समजतो; प्रत्यक्षात ती अधिक खचते न आलेल्या उत्तराने, थकलेल्या मानधनाने आणि हे सारे एकट्याने सोसल्याने. त्यामुळे येथे धीर देणारी वाक्ये कमी आणि व्यवहाराच्या गोष्टी अधिक सापडतील.

लेख ‘साभार परत’ आला की पुढचे कित्येक दिवस लिहायलाच होत नाही. काय करावे?

पहिले एक-दोन दिवस त्या लेखाकडे पाहू नये. वाईट वाटणे स्वाभाविक आहे आणि ते घाईने झटकून टाकण्याची गरज नाही. त्यानंतर मात्र लेख कागदावर छापून घ्यावा आणि हातात पेन्सिल घेऊन, जणू दुसऱ्या कोणाचा आहे असे समजून वाचावा. परत आलेल्या लेखांमध्ये एक दोष इतक्या वेळा आढळतो की तो सविस्तर सांगितला पाहिजे.

समजा, कोणी रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या गावच्या शिमग्यावर लेख लिहिला आहे. पहिल्या चार परिच्छेदांत कोकणचे निसर्गसौंदर्य, सणांचे सामाजिक महत्त्व आणि बदलता काळ हे विषय येतात. पाचव्या परिच्छेदात पालखी आधी कोणत्या वाडीत जाणार यावरून मध्यरात्रीपर्यंत चाललेली मानकऱ्यांची बैठक येते, आणि मुंबईहून रजा टाकून आलेला एक चाकरमानी, पहाटेची गाडी सुटण्यापूर्वी आपल्याला पालखीला खांदा द्यायला मिळेल का, या काळजीत देवळाच्या पायरीवर बसलेला दिसतो. लेख खरा येथून सुरू होतो. पण संपादकाने तो दुसऱ्या परिच्छेदातच बाजूला ठेवलेला असतो. अशा वेळी वरचे चार परिच्छेद काढून टाकावेत, त्यांतली आवश्यक माहिती बैठकीच्या ओघात आणावी आणि लेख पुन्हा दुसरीकडे पाठवावा. लेखात जीव आहे, तो फक्त खाली दडला आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की लिहिण्याची इच्छा परत येण्यास दुसरे काही लागत नाही.

एके काळी हे काम संपादक करत असत. ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे हस्तलिखितावर लेखकाशी सविस्तर पत्रव्यवहार करण्याविषयी आणि पुनर्लेखन करवून घेण्याविषयी प्रसिद्ध होते. ते मासिक १९८२ मध्ये बंद झाले. आजच्या पुरवणी-संपादकाकडे तेवढी सवड नसते, याचा राग धरण्यात अर्थ नाही. त्याऐवजी स्पष्ट बोलणारा एक वाचक आपणच शोधावा: मित्र, जुन्या शिक्षिका, ग्रंथालयात भेटणारे कोणी. ‘छान आहे’ एवढेच म्हणणारा माणूस या कामाला उपयोगी पडत नाही.

नकार तरी बरा; पण संपादकांकडून काहीच कळत नाही. किती थांबावे?

मौन हे लेखकाला नकारापेक्षा अधिक झिजवते, कारण नकारानंतर पुढचे पाऊल टाकता येते आणि मौनानंतर टाकता येत नाही. म्हणून थांबण्याची मुदत आपणच ठरवावी आणि ती लेखासोबतच्या पत्रात नम्रपणे लिहावी: ‘महिनाअखेरपर्यंत आपला निर्णय कळल्यास आभारी राहीन. अन्यथा लेख अन्यत्र पाठवण्याची मोकळीक आहे असे मी समजेन.’ यात उद्धटपणा नाही. अनेक संपादकांना असे पत्र सोयीचेच वाटते, कारण त्यांच्यावरील उत्तराचा भार त्यामुळे हलका होतो.

दिवाळी अंकांचे वेळापत्रक वेगळे असते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, तेव्हापासून चालत आलेल्या या परंपरेत बहुतेक अंकांची जुळणी उन्हाळ्यात सुरू होते आणि ऑगस्टच्या सुमारास मजकूर मुद्रणाकडे जाऊ लागतो. सप्टेंबरमध्ये लेख पाठवणाऱ्याला उत्तर येत नाही, यात त्याच्या लेखनाचा दोष नसतो. विषयाचे चार ओळींचे टिपण मे महिन्यात पाठवावे आणि होकार आल्यावरच पूर्ण लेख लिहावा. एकच लेख दोन अंकांना न सांगता देणे मात्र कटाक्षाने टाळावे. तो दोन्हीकडे छापून आला तर दोन्ही दारे बंद होतात.

लेख छापून आला, कौतुकही झाले. पण मानधन आले नाही. पैसे मागणे बरे दिसते का?

हाच प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो, आणि त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘होय’ असे आहे. मराठीत लेखनाला ‘सेवा’ मानण्याची सवय जुनी आहे. त्यामुळे पैशांचा विषय काढणारा लेखक स्वतःलाच हलका वाटू लागतो. परंतु छापखाना, कागद विक्रेता, चित्रकार आणि टपाल या सर्वांचे देणे ज्या ताळेबंदात धरले जाते, त्याच ताळेबंदात लेखकाचेही देणे आहे, आणि ते मागणे हा व्यवहाराचा सरळ भाग आहे.

मागण्याची पद्धत मात्र असावी. काम स्वीकारतानाच मानधनाची रक्कम, ती देण्याची तारीख आणि कर वजा होणार का, या तीन गोष्टी ईमेलवर विचारून घ्याव्यात. फोनवर ठरले असेल तर लगेच दोन ओळींचा संदेश पाठवून ठेवावा: ‘आत्ताच बोलल्याप्रमाणे पंधराशे शब्दांचा लेख दहा तारखेपर्यंत पाठवतो. मानधन प्रसिद्धीनंतर महिन्याभरात मिळेल, हे नोंदवून ठेवतो.’ पुढे पैसे थकले तर स्मरणपत्र असे असावे:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या अंकात माझा लेख प्रसिद्ध झाला, याचा आनंद आहे. ठरल्याप्रमाणे त्याचे मानधन अद्याप जमा झालेले नाही. बँकेचा तपशील आणि देयक पुन्हा सोबत जोडत आहे. या महिन्यात रक्कम जमा होऊ शकेल का, हे कृपया कळवावे.’

या मजकुरात गाऱ्हाणे नाही, आजारपणाचा किंवा घरखर्चाचा उल्लेख नाही, आणि तारीख विचारलेली आहे. आपली अडचण सांगून पैसे मागितले की हक्काची रक्कम उपकारासारखी वाटू लागते. म्हणून ती सांगू नये.

समोरच्याची स्थिती समजून घेणेही आवश्यक आहे. लहान दिवाळी अंक जाहिरातींवर चालतात, जाहिरातदार पैसे उशिरा देतात आणि संपादक अनेकदा पदरमोड करून अंक काढतो. अशा ठिकाणी लिहायचे की नाही, हे आपण आधीच ठरवावे. एकदा आनंदाने विनामूल्य लिहिले तर नंतर कुढू नये. कंपन्या, जाहिरात संस्था आणि मोठे प्रकाशनसमूह यांच्या बाबतीत मात्र ही सवलत देण्याचे कारण नाही.

मोठ्या कंपनीने पैसे थकवले तर एकटा लेखक काय करू शकतो?

वाटते त्यापेक्षा बरेच काही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ हा कायदा सेवा पुरवणाऱ्या एकल व्यावसायिकालाही उपलब्ध आहे, मात्र त्याने ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून केंद्र सरकारकडे होणारी नोंद, केलेली असावी. ही नोंदणी जुलै २०२० पासून ऑनलाइन होते, आधार आणि पॅन यांच्या आधारे करता येते आणि तिला शुल्क नाही. या कायद्यानुसार लेखी करार असला तरी देणे चुकते करण्याची मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. तक्रार थकलेल्या देण्यांचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन दाखल करता येते. नोंदणी काम स्वीकारण्यापूर्वीच झालेली असणे हिताचे आहे. वाद उद्भवल्यावर केलेल्या नोंदणीचा भरवसा धरू नये.

बहुतेक वेळा परिषदेपर्यंत जावेच लागत नाही. देयकावर उद्यम क्रमांक छापलेला असला आणि स्मरणपत्रात ४५ दिवसांचा उल्लेख असला, तर लेखा विभागाची उत्तर देण्याची पद्धत बदलते.

याच संदर्भात करकपातीविषयीही सांगायला हवे. ठरलेल्या रकमेतून दहा टक्के कमी आले की अनेक नवे लेखक फसवणूक झाली असे समजून खिन्न होतात. ती उगमकर कपात (टीडीएस), म्हणजे पैसे देणाऱ्यानेच आधी कापून घेतलेला आयकर, असते. ती आपल्या पॅनखाली आयकर विभागाकडे जमा होते, आणि आपले उत्पन्न करपात्र मर्यादेपेक्षा कमी असेल तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळते. पॅन दिला नसेल तर हीच कपात वीस टक्के होते. त्यामुळे विवरणपत्र दरवर्षी भरावे. पुढे गृहकर्जासाठी बँकेत गेल्यावर हीच विवरणपत्रे आपल्या उत्पन्नाचा पुरावा ठरतात.

माझे सदर अचानक बंद झाले. आपले लेखन कमी पडले, असेच वाटत राहते.

सदर बंद होण्याची कारणे बहुधा लेखनाबाहेरची असतात. २०२० च्या टाळेबंदीत वृत्तपत्रांचे वितरण विस्कळीत झाले, जाहिराती आटल्या आणि पुरवण्यांची पाने कमी झाली. त्या वेळी उत्तम वाचकवर्ग असलेली सदरेही थांबली. संपादक बदलला, पुरवणीची रचना बदलली, कागदाचा भाव वाढला, यांपैकी कोणतेही कारण पुरेसे असते.

सदर गेल्याचे दुःख दोन प्रकारचे असते आणि त्यांचा उपाय वेगळा आहे. पैशाचे नुकसान टाळायचे तर कोणत्याही एका ठिकाणाहून येणारे उत्पन्न निम्म्याच्या पुढे जाणार नाही, अशी कामाची आखणी आधीपासून करावी लागते. दुसरे दुःख वाचक गमावल्याचे असते, आणि ते अधिक काळ टिकते. दर आठवड्याला येणारी पत्रे आणि ईमेल थांबतात. म्हणून सदर चालू असतानाच वाचकांची पत्रे जपून ठेवावीत, ज्यांनी लिहिले त्यांना उत्तरे द्यावीत आणि कात्रणे तारखेनुसार लावून ठेवावीत. प्रकाशकाकडे सदराचे पुस्तक करण्याचा प्रस्ताव घेऊन जाताना ही कात्रणे आणि हीच पत्रे कामी येतात.

यांत्रिक अनुवाद आल्यापासून दर घसरले आहेत. या व्यवसायात राहण्यात अर्थ आहे का?

ही चिंता खरी आहे आणि तिला गोड उत्तर देऊन चालणार नाही. पूर्वी जे ग्राहक संपूर्ण अनुवादाचे काम देत, त्यांपैकी अनेक जण आता यंत्राने केलेला मजकूर पाठवतात आणि ‘फक्त नजरेखालून घाला’ असे सांगून कमी दर देऊ करतात. असा मजकूर हाती घेतला की लक्षात येते की वाक्यागणिक क्रियापद हलवावे लागते, ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ यांची सरमिसळ निस्तरावी लागते, आणि शेतकऱ्यांसाठीच्या पत्रकात कोणताही शेतकरी बोलणार नाही असा शब्द बसलेला असतो. या कामाला मूळ अनुवादाइतकाच वेळ लागू शकतो. म्हणून दर शब्दावर न ठरवता तासावर ठरवावा, किंवा आधी एक पान करून पाहून मग दर सांगावा. ग्राहकाला तो मान्य नसेल तर ते काम सोडणे हा तोटा नाही.

साचेबंद माहितीपत्रके आणि वस्तूंची वर्णने यांची कामे यापुढे कमीच होत जातील, असे माझे मत आहे. प्रत्यक्ष जाऊन, माणसांशी बोलून, कागदपत्रे पाहून लिहिलेल्या मजकुराची स्थिती निराळी आहे: सहकारी साखर कारखान्याचा अमृतमहोत्सवी ग्रंथ, एखाद्या संस्थेचा मौखिक इतिहास, डॉक्टरांच्या किंवा उद्योजकांच्या आठवणींचे शब्दांकन. अशी कामे महाराष्ट्रात भरपूर आहेत आणि ती नीट करणारी माणसे अजूनही शोधावी लागतात.

माझा लेख कोणीतरी नाव न देता पसरवला. मनस्ताप होतो, पण करता काय येणार?

नाव गाळून लेख पुढे पाठवला जाणे हा मराठी लेखकाचा फार जिव्हारी लागणारा अनुभव आहे. तो सोसताना आपला हक्क कोणता, हे ठाऊक असले तर हतबलता कमी होते. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ नुसार, नोकरीत नसलेल्या मुक्त लेखकाच्या लेखाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तो स्वतःच असतो. लेख छापण्यासाठी दिला म्हणून मालकी जात नाही. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सही केलेला दस्तऐवज लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. लेखावर आपले नाव असण्याचा हक्क तर आर्थिक हक्क विकल्यानंतरही लेखकाकडेच राहतो.

ज्याने लेख पसरवला त्याला प्रथम खासगीत, मूळ प्रसिद्धीची तारीख आणि कात्रण जोडून लिहावे. बरेच लोक अजाणतेपणी पाठवतात आणि सांगितल्यावर दुरुस्ती करतात. व्यावसायिक वापर असेल तर वकिलाची नोटीस पाठवावी. मालिका किंवा चित्रपटासाठी कथा कोणाला ऐकवायची असेल तर आधी ती मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून घ्यावी, कारण ‘ही कल्पना तर आमच्याकडे होतीच’ हे वाक्य ऐकल्यानंतर हातात तारखेचा पुरावा नसेल तर बोलणेच खुंटते.

मी तालुक्याच्या गावी राहतो. साहित्यवर्तुळात ओळख नाही. आमच्यासारख्यांना कोण विचारणार?

मराठी साहित्याचा इतिहास या शंकेला चांगले उत्तर देतो. प्रस्थापित मासिकांत ज्यांना जागा नव्हती, त्यांनी साठच्या दशकात स्वतःची लघुनियतकालिके काढली आणि त्यांतून मराठी कवितेची, कथेची भाषा बदलली. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक वर्षानुवर्षे चालवले आणि दलित लेखकांच्या पिढ्यांना त्याने हक्काची जागा दिली. ती माणसे पुण्या-मुंबईच्या निमंत्रणाची वाट पाहत बसली नाहीत.

आज तर तालुक्यात राहणे हीच लेखकाची जमेची बाजू आहे. बाजार समितीतील लिलाव, ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांचे उचल-हिशेब, जिल्हा परिषदेच्या बंद पडत चाललेल्या शाळा, हे सारे शहरातील लेखकाला दोन दिवसांच्या दौऱ्यात कळत नाही. संपादकाला ओळखीपेक्षा असा मजकूर वेळेवर आणि युनिकोडमध्ये मिळाला तर अधिक हवा असतो. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिची जाहिरात येते तेव्हा अर्ज जरूर करावा. लेखकाच्याच खर्चाने पुस्तक काढून देतो असे सांगणाऱ्या प्रकाशकाला मोठी रक्कम देण्यापूर्वी प्रतींची संख्या, वितरणाची व्यवस्था आणि उरलेल्या प्रतींचे काय होणार, हे लिहून घ्यावे. घरात पुस्तकांचे गठ्ठे पडून राहिले की लेखकाची उमेद फार वाईट रीतीने खचते, आणि तो घाव भरून यायला वेळ लागतो.

काम हातात आहे, मुदतही जवळ आली आहे, तरी ओळ सुचत नाही. हा आळस की थकवा?

एक सोपी पारख आहे. दुसऱ्याचे चांगले लेखन वाचण्याची इच्छा होते का, ते पाहावे. होत असेल तर बहुधा विषयाची तयारी अपुरी आहे. आणखी एका माणसाशी बोलावे, गॅझेटियर उघडावे, जुने अंक चाळावेत, म्हणजे लेखन सुरू होते. वाचावेसेही वाटत नसेल तर तो थकवा आहे आणि त्यावर विश्रांतीखेरीज उपाय नाही. गणपतीपासून दिवाळीपर्यंतचे महिने मुक्त लेखकाला पिळून काढणारे असतात. त्यानंतर काही दिवस कोणतेही काम न घेण्याची सोय आधीच करून ठेवावी. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर मात्र लेखनाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

घरचे म्हणतात, आता नोकरी बघ. हार मानायची का?

घरच्यांना बहुधा लेखनाचा राग नसतो. महिन्याला किती येणार हे कळत नसल्याची भीती असते. त्यामुळे वाद घालण्याऐवजी वर्षभराचा जमाखर्च मांडून त्यांच्यासमोर ठेवावा: आलेले पैसे, येणे बाकी असलेले पैसे आणि हातातील कामे. काही महिन्यांचा घरखर्च बाजूला पडलेला असेल तर बोलण्याचा सूरच पालटतो. तो पडलेला नसेल आणि उधारी वाढत असेल, तर घरच्यांचे म्हणणे बरोबर आहे हे मान्य करावे.

नोकरी करणे ही हार आहे, असे मी मानत नाही. मराठीतील कितीतरी मोठे लेखन शिक्षकांनी, प्राध्यापकांनी, बँकेतील आणि टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांनी कामाच्या आधी आणि नंतर केलेले आहे. चिंता एवढीच की नोकरी लेखनाचे दार बंद करणारी नसावी. म्हणून नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी बाहेरच्या लेखनाविषयी त्यात काय म्हटले आहे, कामाच्या वेळेबाहेर लिहिलेल्या मजकुरावर मालक हक्क सांगतो का, हे वाचून घ्यावे. शासकीय सेवा असेल तर वर्तणूक नियम पाहावेत. आणि एखादे कलम लेखनाआड येत असेल तर ते रुजू होण्यापूर्वीच, लेखी स्वरूपात, बदलून मागावे.